ई-मेलवरची लढाई: पटावरचे ऐतिहासिक युद्धखेळ दूरच्या भिडूशी कसे खेळावेत

षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, एक फासा आणि हल्ल्याचा निकाल सांगणारा तक्ता, एवढं असलं की ऐतिहासिक युद्धखेळ मांडता येतो. अडतं ते भिडूपाशी. हा नाद असलेली माणसं विखुरलेली असतात. एक कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, दुसरा गडहिंग्लजला, तिसरा नोकरीपायी पुण्यात नाहीतर थेट लंडनला. पाच-सहा तास एका टेबलाशी बसणं कुणालाच जमत नाही. मेलवर खेळायचं तर दोघं एका वेळी मोकळे असण्याची गरज नसते. तुम्ही रात्री जेवणं आटोपल्यावर चाल पाठवायची, समोरचा दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर देणार. पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांची ही जुनीच रीत. युद्धखेळात फासे, लपवलेल्या फौजा आणि डझनांनी सोंगट्या असतात, म्हणून इथे शिस्त थोडी जास्त लागते.

लढाई आवडीची नको, मेल कमी लागणारी निवडा

नवखा माणूस आवडती लढाई आधी ठरवतो आणि नियम मागून वाचतो. मेलवर हे अंगाशी येतं. खेळ निवडताना एकच हिशेब करा: एका फेरीत चेंडू किती वेळा इकडून तिकडे जातो? दहा फेऱ्यांच्या खेळात प्रत्येक बाजूने फेरीला एकच मेल पाठवायचा असेल तर डाव वीस मेलांत संपतो. त्याच खेळात ‘माघार कुठे घ्यायची हे बचाव करणारा ठरवेल’ असा नियम असला, तर प्रत्येक खेळीला हल्ला, माघारीची निवड आणि पुढची हालचाल असे तीन मेल होतात. म्हणजे साठ. रोज एक मेल धरला तर पहिला डाव तीन आठवड्यांच्या आत संपतो, दुसऱ्याला दोन महिने लागतात. दोन महिन्यांत कुणाची तरी बदली होते, कुणाकडे लग्न निघतं आणि डाव तसाच पडतो.

सुरुवातीला एकाच नकाशाचा, दोन्ही बाजू मिळून चाळीसच्या आत सोंगट्यांचा आणि आठ-दहा फेऱ्यांचा खेळ घ्या. तो आळीपाळीचा असावा, म्हणजे आधी एकाची सगळी फौज हलते, मग दुसऱ्याची. शत्रू पावलागणिक वाटेत गोळीबार करू शकतो असे खेळ, किंवा कोणती तुकडी हलणार हे दर वेळी चिठ्ठी काढून ठरवणारे खेळ तूर्त बाजूला ठेवा. फेरीत आठ चिठ्ठ्या असल्या तर एका फेरीलाच निदान आठ मेल पडतात.

उदाहरणासाठी या लेखात असईची लढाई धरली आहे. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्लीची इंग्रज फौज. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात रणांगण आवळलेलं आहे, लढाई एका दिवसात आटोपते आणि इंग्रजांच्या तुकड्या मोजक्याच असतात. मेलवरच्या पहिल्या डावाला याहून सोयीची लढाई मिळणं अवघड. पुढे दिलेले घरांचे क्रमांक आणि सोंगट्यांचं बळ मात्र केवळ नमुन्यादाखल आहे.

दोघांकडे एकच पट, एकच नियम

खेळाची आवृत्ती, नियमपुस्तिकेची आवृत्ती आणि छापून झाल्यावर निघालेल्या दुरुस्त्या दोघांकडे सारख्या आहेत का, हे पहिल्याच मेलमध्ये तपासा. नियमाचा क्रमांक सांगता आला पाहिजे. ‘७.३ प्रमाणे’ म्हटलं की वाद दोन ओळींत मिटतो. नकाशावर प्रत्येक घराला चार अंकी क्रमांक हवा, पहिले दोन अंक स्तंभाचे आणि नंतरचे दोन रांगेचे. ०८११ म्हणजे आठवा स्तंभ, अकरावी रांग. क्रमांक छापलेले नसतील तर दोघांनी एकाच कोपऱ्यापासून पेन्सिलने घाला आणि फोटो काढून ताडून पाहा. हे आळसाने टाळलं की तिसऱ्या फेरीत दोघं दोन वेगळ्या लढाया लढत असतात.

खेळ घरी छापून घेणार असाल तर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या डिजिटल प्रिंटच्या दुकानात ए-३ वर छापा. छापताना ‘पानावर बसवा’ हा पर्याय बंद आणि आकार शंभर टक्के, हे दुकानदाराला आठवणीने सांगा. नाहीतर नकाशा एका मापाचा आणि सोंगट्या दुसऱ्या मापाच्या निघतात. सोंगटीच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापून मधून दुमडा आणि आत दीड-दोन मिलिमीटरचा पुठ्ठा घालून चिकटवा. दोन्हीकडून वेगळं छापून जुळवायला गेलं की मिलिमीटरभर तरी सरकतंच. पातळ केलेला फेव्हिकॉल वापरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो वाळायला वेळ घेतो आणि पुठ्ठा पोळीसारखा फुगतो. ग्लू स्टिक बरी. रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा आणि कापायचं काम सकाळी.

मांडलेला पट महिनाभर जागेवर राहायचा आहे, हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं. पुठ्ठ्याच्या हलक्या सोंगट्यांचा पहिला वैरी छताचा पंखा, दुसरा वैरी घरातली लहान मुलं. यावर टिकाऊ उपाय म्हणजे चुंबकी पट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सव्वीस गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा नकाशाच्या मापाने कापून मिळतो. कडा घासून घ्या, नकाशा त्यावर चिकटवा, प्रत्येक सोंगटीच्या पाठीला चिकट चुंबकी शीटचा तुकडा लावा आणि पट भिंतीवर टांगा. स्टेनलेसचा ३०४ पत्रा दिसायला छान, पण चुंबक धरत नाही, तो घेऊ नका. एका घरात तीनपेक्षा जास्त सोंगट्या एकावर एक रचल्या की वरच्या घसरतात. अशा गठ्ठ्यासाठी नकाशावर अ, ब, क अशी एकच खूण ठेवा आणि खऱ्या सोंगट्या पत्र्याच्या कडेला आखलेल्या त्याच नावाच्या चौकटीत लावा.

संगणकावरचा पट

खऱ्या पटाचा हट्ट नसेल तर व्हॅसल हा फुकट प्रोग्रॅम वापरा. तो संगणकावरच चालतो, फोनवर नाही. आधी व्हॅसल उतरवा, मग तुमच्या खेळाचं मॉड्यूल, म्हणजे त्या खेळाचा नकाशा आणि सोंगट्या असलेली फाईल. मॉड्यूलची आवृत्ती दोघांकडे एकच हवी. वेगळी असली तर सोंगट्या गायब होतात किंवा फाईल उघडतच नाही.

क्रम असा. पहिल्या खेळाडूने ‘न्यू गेम’ मधून मांडणी निवडायची, आपली बाजू घ्यायची. मग सोंगटीला हात लावण्याआधी ‘बिगिन लॉगफाईल’. त्यानंतरची प्रत्येक हालचाल, प्रत्येक फासा आणि चॅटच्या खिडकीत लिहिलेली प्रत्येक ओळ त्या फाईलमध्ये नोंदली जाते. खेळी संपली की ‘एंड लॉगफाईल’ आणि ती फाईल मेलने रवाना. समोरचा ‘लोड गेम’ ने ती उघडतो आणि ‘स्टेप फॉरवर्ड’ चं बटण दाबत तुमची एकेक हालचाल पाहतो. शेवटच्या पायरीपर्यंत गेल्यावरच त्याने स्वतःची नवी लॉगफाईल सुरू करायची. मध्येच सुरू केली तर तुमच्या उरलेल्या हालचाली त्याच्या पटावर येतच नाहीत. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लॉग सुरू न करताच फौज हलवणं. तुमच्या पडद्यावर सगळं व्यवस्थित, समोरच्याला मात्र काहीच दिसत नाही.

पहिल्यांदा दिलेला पासवर्ड डाव संपेपर्यंत बदलू नका. लपवलेल्या सोंगट्या त्यावरच बांधलेल्या असतात. बदललात तर स्वतःचीच फौज तुम्हाला झाकलेली दिसेल.

फाईलचं नाव कायम एकाच क्रमाने ठेवा: खेळ, फेरी, बाजू, मेल क्रमांक. फेरीचा आकडा दोन अंकी लिहा, ०२, ०३ असा. नुसता २ लिहिला की बऱ्याच याद्यांत १० नंबरची फाईल २ च्या आधी येते आणि घाईत चुकीची उघडली जाते.

फासा कुणी टाकायचा

इथे विश्वासाचा प्रश्न येतो आणि तो पहिल्याच दिवशी सोडवलेला बरा. व्हॅसलमधला फासा प्रामाणिक आहे, पण वाईट फासा पडल्यावर लॉग फेकून खेळी पुन्हा सुरू करणाऱ्याला प्रोग्रॅम अडवत नाही. जुन्या मित्रांत हे चालून जातं. अनोळखी भिडूशी खेळताना फासे टाकून दोघांच्या पत्त्यावर एकाच वेळी निकाल धाडणारं संकेतस्थळ वापरा. नियम एकच: आधी हल्ल्याचा मेल, मग फासा. फाशाच्या शेऱ्यात ‘असई, फेरी ३, ह१’ (ह१ म्हणजे पहिला हल्ला) असं लिहा, म्हणजे तो कोणत्या हल्ल्याचा हे नंतर फिरवता येत नाही. हल्ले पाच असतील तर पाच फासे एकदमच मागवू शकता, फक्त क्रम मेलमध्ये आधी लिहिलेला हवा.

इंटरनेट नव्हतं तेव्हा अमेरिकेतले टपालाने खेळणारे शेअर बाजाराचे वर्तमानपत्रात छापून येणारे आकडे फाशासारखे वापरत. ती युक्ती आजही चालते आणि तिच्यात मजाही आहे. हल्ल्याच्या मेलमध्ये पुढच्या कामकाजाच्या दिवसासाठी निफ्टीतल्या आठ-दहा कंपन्या क्रमाने लिहा. त्या दिवशी प्रत्येक कंपनीचे किती शेअर हातबदल झाले त्या आकड्याचा शेवटचा अंक घ्या. १ ते ६ आला तर तोच फासा. ०, ७, ८, ९ आला तर ती कंपनी सोडून पुढची. शेअरचा भाव मात्र वापरू नका. भाव ठरावीक टप्प्यानेच बदलतो. टप्पा पाच पैशांचा असला की शेवटचा अंक ० किंवा ५ याशिवाय येतच नाही, आणि मग तुमचा फासा नाण्यापेक्षा बरा राहत नाही. एनएसईचा आकडा घ्यायचा की बीएसईचा, कोणत्या पानावरचा, आणि बाजार बंद असेल तर पुढचा दिवस, हेही आधीच लिहून ठेवा.

आदेशाचा मेल

मेल असा हवा की समोरच्याने पट न बघताही चूक पकडावी. नमुना:

विषय: असई, फेरी ०३, इंग्रज, मेल १

हालचाल
७८ वी पलटण: ०८११, ०८१०, ०८०९. खर्च १+२=३, हाती ४.
मद्रास पलटण: ०९१०, ०९०९, ०९०८. खर्च २, हाती ४.
७४ वी पलटण: १२०७, जागेवर.

हल्ला
ह१: ७८ वी (४) + मद्रास (३) यांचा ०८०८ वर. शत्रूचं बळ ३. प्रमाण ७:३, म्हणजे २:१. शत्रू गावात, फाशातून १ वजा.
घर रिकामं झालं तर ७८ वी आत शिरेल. ‘हल्लेखोर मागे’ आलं तर दोन्ही पलटणी दक्षिणेला एक घर.

ताळा
इंग्रज पटावर ९, बाद १. मराठे पटावर १४, बाद २. गुण: इंग्रज ३, मराठे ४.

नुसतं ‘०८११ वरून ०८०९’ न लिहिता वाट लिहायची, कारण त्या वाटेवर शत्रूचा ताबा असलेलं घर किंवा नदी लागली का हे समोरच्याला तपासायचं असतं. ‘खर्च’ म्हणजे त्या वाटेला लागलेले चालीचे गुण, ‘हाती’ म्हणजे तुकडीला फेरीत मिळणारे एकूण गुण, आणि हल्ल्यात कंसातला आकडा तुकडीचं बळ. खर्चाची बेरीज लिहिली की निम्म्या चुका पाठवायच्या आधीच तुमच्या तुम्हालाच दिसतात. बऱ्याच खेळांत बळाचं प्रमाण बचाव करणाऱ्याच्या बाजूने पूर्णांकात आणतात, म्हणून ७:३ चे २:१ झाले. तुमच्या खेळाचा नियम काय आहे तो पाहून घ्या. डावीकडे, उजवीकडे, पुढे असे शब्द आदेशात नकोत. समोरासमोर उभ्या फौजांचं डावं-उजवं उलटंच असतं. दिशा लिहा.

ताळा दर फेरीला द्याच. दोन पटांमधला फरक एका फेरीत सापडला तर पाच मिनिटांत दुरुस्त होतो. चार फेऱ्यांनी सापडला तर दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं. दर तिसऱ्या फेरीला सगळ्या सोंगट्यांची घरांसकट पूर्ण यादी पाठवा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास इशारा: आकडे एकाच लिपीत लिहा. देवनागरी चार आणि इंग्रजी आठ घाईत सारखेच दिसतात, आणि ०४०८ हे घर चुकीचं वाचलं की पलटण नदीपार जाऊन पडते. यादी एक्सेलमध्ये ठेवत असाल तर घरांचा स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर तो पुढचं शून्य खातो, आणि ३-१ असं प्रमाण लिहिलं की त्याची तारीख करून ठेवतो.

प्रत्येक फेरीला विषय नवा ठेवा आणि त्या फेरीची सगळी उत्तरं त्याच विषयाखाली. जीमेलमध्ये सगळा डाव एकाच विषयाखाली रेटला तर शंभर मेलांनंतर साखळी आपोआप तुटते. व्हॉट्सअॅप ‘पाठवलं बघ भावा’ एवढं कळवायला ठीक. आदेश त्यावर देऊ नका, कारण तिथला संदेश पाठवल्यावर पंधरा मिनिटं बदलता येतो आणि नंतर पुसताही येतो. पटाचा फोटो तिथून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान केलेल्या फोटोत घरांचे क्रमांक वाचता येत नाहीत.

कायमचे हुकूम

मेल वाचवायचा सगळ्यात मोठा मार्ग हा, आणि नवखे नेमके इथेच कंजूषपणा करतात. शत्रूच्या खेळीत तुम्हाला घ्यावे लागणारे निर्णय आधीच लिहून द्या. माघार घ्यावी लागली तर: आधी उत्तर, मग ईशान्य, नदीपार कधीच नाही. नुकसान सोसायचं असेल तर: आधी पेंढारी, मग पायदळ, तोफा शेवटी. तोफा कुणावर डागायच्या: तीन घरांच्या आत आलेल्या पहिल्या पायदळावर, घोडदळावर फक्त दोन घरांच्या आत. हुकूम जर-तर असा आणि प्राधान्यक्रमाने लिहिलेला हवा. ‘योग्य वाटेल तसं’ हा हुकूम नव्हे. त्याचा अर्थ शत्रू आपल्या सोयीने लावणार आणि त्यात त्याची काही चूक नाही. हुकूम बदलायचा तर स्वतःच्या खेळीच्या मेलमध्येच बदला.

लपलेली फौज

दोघांनी एकाच वेळी गुपचूप आदेश द्यायचे असतील तर आदेशाची फाईल पासवर्ड लावून झिप करा. दोघांच्या फाईली पोचल्या की मग पासवर्ड द्यायचे. झिपमधल्या फाईलचं नाव पासवर्डशिवायही वाचता येतं, तेव्हा ‘उजव्या बगलेवर हल्ला’ असं नाव ठेवू नका.

फौज खरोखरच दिसता कामा नये असं असेल तर तिसरा माणूस लागतो, पंच. प्रशियात १८२४ मध्ये राइसवित्झने मांडलेल्या युद्धखेळात पंच होताच. दोन्ही बाजू त्याला आदेश पाठवतात आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच तो कळवतो. कोल्हापूरकराला पहिल्या दिवसापासून १६६० ची पन्हाळ्याची सुटका आणि पावनखिंड खेळायची असते. ते स्वाभाविक आहे, पण त्या प्रसंगाचा जीवच लपण्यात आहे: वेढ्यातून कोण निघालं, खरी पालखी कुठली, शिवा काशिद कुठल्या पालखीत. पट उघडा ठेवून तो खेळ सिद्दी जौहरच्या बाजूने हरताच येत नाही. चांगला पंच मिळेपर्यंत थांबा.

छोट्या पुतळ्यांचे, घरं नसलेल्या टेबलावरचे खेळही पंचाबरोबरच बरे जमतात. टेबल एकाच्या घरी मांडलेलं असतं. त्यावर दर तीस सेंटिमीटरला दोरा ताणून चौकोन पाडा, अ१, अ२ अशी नावं द्या आणि प्रत्येक तुकडीची जागा दोन कडांपासूनच्या सेंटिमीटरांत कळवा. फोटो प्रत्येक वेळी त्याच दोन कोपऱ्यांतून आणि एक वरून.

आधी ठरवायच्या गोष्टी

एक छोटा करार मेलवर लिहून घ्या. उत्तर किती दिवसांत, तीन की पाच. सात दिवस शांतता झाली तर आठवण, चौदा दिवसांनी डाव सोडला असं धरायचं. चूक मागे कधी घेता येते: फासा पडण्याआधी केव्हाही, पडल्यानंतर कधीच नाही. नियमावर वाद झाला तर दोन दिवस चर्चा, मग फासा टाकून या डावापुरता निकाल. रजाही आधीच मांडा. नवरात्र आणि दिवाळी तर आहेच, पण चैत्रातली जोतिबाची यात्रा आणि पेठांचे फुटबॉल सामने रंगलेले असताना कोल्हापूरच्या भिडूकडून वेळेवर उत्तराची अपेक्षा पुणेकराने ठेवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये वीज आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, त्या काळात मुदत सरळ दुप्पट करा.

हार मानायचीही रीत ठरवून ठेवा. मेलवरचा डाव शेवटच्या फेरीपर्यंत ओढायलाच हवा असं नाही. निकाल दिसू लागला की ‘डाव सोडला’ असं स्पष्ट लिहा, पटावरची शेवटची यादी पाठवा आणि न उघडलेल्या झिप फाईलींचे पासवर्ड देऊन टाका. मग बाजू बदला आणि तीच लढाई पुन्हा मांडा. नियम पाठ झालेले असल्यामुळे दुसरा डाव पहिल्यापेक्षा बराच लवकर उरकतो.